न बोलणारा दिवा

उद्यमनगरात दिवसभर लेथ ओरडतात,
त्यांचं मला काही नाही.
त्रास होता तो माझ्याच टेबलावरच्या दिव्याचा.
पांढराशुभ्र, वाकत्या मानेचा,
साडेसातशेचा, वर्षाची गॅरंटी.
दिसायला गुणी.
पण स्कोपचा प्रोब नुसता जवळ नेला की
पडद्यावर गवत उगवायचं,
बारीक, हिरवं, हलणारं.

आधी संशय माझ्या हातावर.
सोल्डर परत केलं, अर्थिंग खणून बघितलं,
गवत तिथंच.

मग शिकलगार चाचा आले.
तीस वर्षं फौंड्रीत, फेटलिंगला.
ग्राइंडरनं दोन्ही कान खाल्ले
आणि कंपनीनं निरोपाला दिलं भिंतीवरचं घड्याळ.
त्यांच्या कानातल्या मशीनची कळ फोनवर ठेवून
मी खुणेनं विचारलं, बरं येतंय काय?
"बेटा, तुझा दिवा बोलतोय."
काय बोलतोय?
"कोण जाणे. पण थांबत नाही. आमच्या मेव्हण्यासारखा."
मी दिवा बंद केला,
आणि चाचांच्या कपाळावरची गाठ सुटली.

त्या दिवसापासून मी दिवे कानानं निवडायला लागलो.

लक्ष्मीपुरीत रमणिकभाईंच्या दुकानात गेलो,
पिशवीत दोन सेलचा जुना ट्रान्झिस्टर,
काटा दोन स्टेशनांच्या मधे,
जिथं नुसता वारा असतो.
एकेक दिवा लावायला सांगितला, रेडिओ शेजारी धरला.
पहिला: कढईत मोहरी.
दुसरा: पत्र्यावर कोणीतरी झाडू मारतंय.
तिसऱ्याच्या खोक्यावर परदेशी तंत्रज्ञान, सोनेरी अक्षरात,
आणि आत
मच्छरदाणीत अडकलेला एक डास.
रमणिकभाई म्हणाले, ताई, दिवा बघून घ्यायचा असतो.
म्हटलं, आणि मडकं?
मडकं वाजवून.
तसंच हे. फक्त मडकं वाजणारं घ्यायचं,
दिवा न वाजणारा.

साठचा पिवळा बल्ब तेवढा गप्प होता.
घरी आणला. दोन दिवस टिकला.
त्याच्या उजेडात तांबडा पट्टा नारिंगी दिसतो,
दोनशेवीसच्या जागी तीनशेतीस बसतो,
आणि कपाळ भाजतं ते वेगळंच.
गप्प बसणारा प्रत्येकजण शहाणा असतो असं नाही,
हे मी माहेरीपण बघितलंय.

शेवटी दिवा घेतलाच नाही. केला.
शेजारच्या फॅब्रिकेशनमधनं
खिडकीच्या ॲल्युमिनियमचा हातभर तुकडा,
त्यावर एलईडीची पट्टी, रंग खरे दाखवणारी,
तिला पैसे जास्त गेले, जाऊ देत,
आणि टेबलाखाली
बँकेच्या भंगारातली बारा व्होल्टची बॅटरी.
ना चोक, ना ड्रायव्हर,
ना सेकंदाला हजारदा चालू-बंद कुठं काही.
नळ सोडल्यासारखा उजेड.
नाही, नळालापण आवाज असतो.
राहू दे, उपमा नको.

स्कोप लावला.
रेघ.
पाटीवर आखल्यासारखी एकच बारीक रेघ,
तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं
आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

काल चाचा आले.
या उजेडात त्यांच्या गालावरची
जुन्या ठिणग्यांची टिंबं मोजता येत होती.
मशीन घातलं, कळ फोनवर.
"बंद आहे काय गं?"
मी मान हलवली. चालू आहे.
"काहीच ऐकू येत नाही की."
तेच चाचा, तेवढंच करायला
दोन महिने गेले.

त्यांनी इचलकरंजीला लेकीला फोन लावला.
ती काहीतरी सांगत होती, लांबलचक,
चाचा मधेच दचकले,
माझ्याकडं बघून तीन बोटं वर केली.
कुकरची शिट्टी.
"आधी गॅस बंद कर," लेकीला म्हणाले,
आणि मग कितीतरी वेळ
तिचं जे काय होतं ते ऐकत राहिले.

नऊला शटर ओढायच्या आधी
बॅटरी चार्जरला लावली.
चार्जर भुणभुणतो.
भुणभुणू दे,
रात्री इथं ऐकायला कोण असतंय.