कल

फेब्रुवारीत कल चाचणीचा कागद आला.
पवार मृणाली हणमंत, दहावी ब.
पहिला कल: तांत्रिक.
दुसरा: गणवेशधारी सेवा.
आई म्हणाली, गणवेश तर आत्ताबी घालतीसच की.

कागद दोन दिवस फ्रिजवर राहिला, चुंबकाखाली,
दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.
मामा: सायन्स घे, सगळी दारं उघडी राहतात.
कुठली दारं, ते मामाला सांगता येईना.
काकू: सांगलीला? होस्टेलला? एकटी?
बाबर सर: नव्वदच्या वर आलीस तर बघू.
स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरची, नीटला सहाशे बारा पडलेली मुलगी
काहीच म्हणत नाही.
नुसती बघते,
तिच्या हनुवटीखाली क्लासचा फोन नंबर.

अफसाना मुल्लाचं ठरलेलं आहे.
मिरजेला नर्सिंग, मग दुबई, मग अम्मीला हज.
तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर
साल, वय, पगार असे तीन रकाने,
पेन्सिलनं आखलेले, म्हणजे खोडता येतील असे.
माझ्या वहीचं शेवटचं पान
पेन चालतंय का बघण्यात भरून गेलंय.

पप्पा सेलमला असतात. गलाईचं दुकान.
विट्यातल्या माझ्या निम्म्या मैत्रिणींचे वडील असेच,
कुणाचे सेलमला, कुणाचे कटकला,
यात्रेला येतात, पाकिटातून पेढे काढावेत तसे
परक्या भाषेतले शब्द काढून दाखवतात.
पप्पा नववीत गणितात गेले, तेव्हा चुलत्यानं
मिरजेहून गाडीत बसवलं.
कल कुणी विचारला नाही.
आधी भट्टी शिकले, मग तमिळ.

त्यांची बोटं पिवळी आहेत. तेजाबानं.
हळदीसारखी नाही, हळद जाते.
मी सायन्सच्या मॅडमना विचारलं, पिवळीच का?
मॅडम म्हणाल्या, ते आपल्याला नाही यंदा.
मग कधी आहे, आणि कुठल्या कॉलेजात,
एवढंच खरं तर मला जाणून घ्यायचं होतं.
ते कुठल्याच चाचणीत विचारलं नव्हतं.

रात्री साडेनऊला फोन आला.
कागद वाचून दाखवला. सराव परीक्षेचे एक्क्याण्णव टक्केही सांगितले,
जरा हळू आवाजात.
म्हणाले, शंभर टंच कधी निघत नाही, बाळा.
साडेनव्व्याण्णवला आम्ही शुद्ध म्हणून हात झटकतो.
आणि एक्क्याण्णवला?
हसले. ते बावीस कॅरेट. दागिना त्याचाच होतो,
नुसत्या शुद्धाची बांगडी वाकते.

मग काट्याबद्दल सांगत बसले.
काचेच्या पेटीत असतो. वजन करताना
पंखा बंद, दार बंद, गिऱ्हाइकानंही बोलायचं नाही.
काटा हलत असताना आकडा वाचला
तर तो वाऱ्याचा आकडा, सोन्याचा नव्हे.
पैशाचं तू बघू नकोस, म्हणाले,
आणि थोड्या वेळानं स्वतःच विचारलं,
होस्टेलला साधारण किती घेतात गं?

जूनमध्ये सांगलीच्या केंद्रावर गेलो, आई आणि मी,
पहिल्या तासगाव गाडीनं.
विट्यातून निघताना अकरावी सायन्स होतं,
तासगावात केमिकलचा डिप्लोमा,
कवलापूर येईपर्यंत परत सायन्स.
आईनं विचारणं सोडून दिलं, शेंगा सोलत बसली.

टेबलाशी पोचलो. पसंतीक्रम एक, बोला.
डोक्यावर पंखा गरगरत होता. दाखले फडफडत होते,
आईनं त्यांच्यावर पाण्याची बाटली ठेवली होती.
मी म्हटलं, दादा, पंखा जरा बंद करता का?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घामेजल्या रांगेकडे.
मागून कुणीतरी ओरडलं.

तरी त्यानं बटण दाबलं.
पाती लगेच थांबत नाहीत.
मी थांबले.