पोटाखालची जागा

मुहर्रकच्या पुलाअलीकडे, कुंजिमोनच्या कॅफेटेरियात,
फ्रिज आणि मोसंब्यांच्या खोक्यांमध्ये
ते मशीन उभं होतं.
शंभर फिल्सच्या नाण्यात तीन विमानं.
तेवढ्यात घरी फोन लावला तर
नुसतं "ऐकू येतंय का" एवढंच व्हायचं.

निसार हमदुले आणि मी, दोघेही हर्णैचे.
त्याचं घर बंदरावर, माझं वर टेकाडात,
ओळख मात्र इथली, हिद्दच्या गोदीतली.
पाणी उपसलं की जहाज ठोकळ्यांवर बसायचं
आणि आम्ही त्याच्या पोटाखाली शिरायचो
वाकून, खाटेखाली चेंडू शोधावा तसे,
कालवं खरवडायला.
कालवं गेली की लाल रंग. पुन्हा कालवं लागू नयेत म्हणून.

रात्री पाचवा टप्पा.
संगीत थांबायचं.
उजवीकडून नाळ यायची,
मग बराच वेळ नाळच येत राहायची.
आकाशात उडणारी युद्धनौका,
पडद्यात न मावणारी.
सोळा तोफा. मोजता मोजता मी मेलो,
तीनही वेळा.

निसार मुकादमासारखा कमरेवर हात ठेवून बघायचा.
"खालून लाल रंग दिलाय रे हिला.
आभाळात कालवं कुठून लागणार?
आणि बघ केवढी वर तरंगतेय.
आत तेल नाही, माल नाही, माणूस नाही.
रिकामी आहे. मार बिनधास्त."

एके गुरुवारी त्यानंच स्टिक हातात घेतली,
समोर न जाता खाली गेला,
लाल तळाला इतका चिकटला
की विमान जहाजाचाच एक खिळा वाटावं.
गोळ्यांचा पाऊस दोन्ही अंगांनी गळत होता,
त्याला एकही लागेना.
"वरच्या तोफांना स्वतःचं पोट दिसत नाही," म्हणाला,
"गोदीत काय शिकलो मग?"
तिथून वर मारत राहिला. जहाज मधोमध मोडलं.
कुंजिमोननं दोघांना फुकट चहा पाजला.
पहिल्या नंबरावर तीन अक्षरं आली: एन, एस, आर.
हजेरीच्या कार्डावर त्याचं नाव कायम चुकलेलं असायचं.

पलीकडच्या पाण्यात तेव्हा लढाई होती.
ऑगस्टात एक टँकर ओढत आणला.
कुशीला भोक, जीप आरपार जाईल एवढं,
कडा आत वळलेल्या.
धुवायला आम्हाला पाठवलं. निसार पहिला शिरला.
इंजिनखोलीच्या पत्र्यावर एक रबरी चप्पल
वितळून बसली होती, डाव्या पायाची,
पट्टा निळा.
हातानं निघेना.
त्यानं खरवडणी घेतली,
रोजचीच.

जेवणाच्या सुट्टीत हात धुत राहिला.
डबा मी उघडला, मीच बंद केला.

रात्री नाणं त्यानंच टाकलं.
पाचवा टप्पा. नाळ. नाळ. नाळ.
खाली गेला, तळाला चिकटला,
आणि बटणावरचा अंगठा काढून घेतला.
कुंजिमोन गल्ल्यावरून ओरडला, "अडी! अडी!"
मीही ओरडलो असेन.
वर तोफा उघडत होत्या, मिटत होत्या.
निसार नुसता जहाजाबरोबर सरकत राहिला,
धुराडं गेलं, डोलकाठी गेली,
घड्याळ शून्यावर आलं तसं
सुकाणूही डावीकडून निघून गेलं.
एकही गुण नाही.
पडद्यावर पाणी तेवढं उरलं, आणि पुन्हा संगीत.
"घे, तू खेळ," म्हणाला.
तीनही विमानं शिल्लक होती.
मी ती कुठं घालवली ते आठवत नाही.

नंबर तसेही टिकायचे नाहीत.
दुकान बंद करताना कुंजिमोन प्लग काढायचा,
सकाळी सगळ्यांची नावं कोरी.

नोव्हेंबरात टँकरला नवा पत्रा बसला, लाल रंग बसला.
गोदीत पाणी सोडलं.
ठोकळ्यांवरून तो उचलला गेला, तेव्हा काठावर आम्ही दोघेच.
निसार बराच वेळ बघत होता.
"किती वर तरंगतोय," म्हणाला,
"रिकामा आहे."
मी पाण्याच्या रेघेकडे बघितलं नाही.