कागदाच्या एकाच बाजूला

चौथा नियम माझाच होता:
मजकूर कागदाच्या एकाच बाजूला हवा.
पाचवा: लेखकाचं नाव कुठंही नको,
बाडावर फक्त संकेतशब्द,
खरं नाव, पत्ता, फोन वेगळ्या बंद लिफाफ्यात.
एकोणीस वर्षं तार्तूच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
मी कादंबऱ्या मोजल्या, शिक्के मारले, नोंदी केल्या.
वाचली एकही नाही.
वाचायचे पैसे परीक्षकांना मिळत.

त्या जानेवारीत एक्याऐंशी आल्या.
बेचाळिसावी सुतळीनं बांधलेली,
संकेतशब्द: गरम पाणी.
गाठ सोडली तर टेबलावर बारीक काळी पूड सांडली,
बोटाला लागली, मग कपाला,
मग वहीच्या बेचाळिसाव्या रकान्यात
माझा अंगठा उमटला.

फेब्रुवारीअखेर प्राध्यापक लेप्पिक धावत खाली आले
(ते धावत नाहीत, गुडघा धरतो).
पानांच्या मागे आकडे आहेत, म्हणाले,
अडुसष्ट, एकाहत्तर, सत्तर, वेळ, सही!
हे एकटेपणाचं तापमान आहे,
आपल्या भाषेत असा प्रयोग कुणी केलेला नाही!
वीव्हीबाई म्हणाल्या, रद्दी आहे, लेप्पिक.
तिसरे परीक्षक त्या दिवशी आजारी होते,
आणि पुढेही बरेच दिवस.

भांडण तीन आठवडे पुरलं.
शेवटी मला म्हणाले, नियम मोडलाय का, तुम्हीच बघा.
बाड घरी नेलं.
आधी मागची बाजू वाचली, माझं काम तेवढंच.
वाल्गा. बॉयलर क्रमांक दोन. रात्रपाळी.
तासाला एक आकडा, असे तीन हिवाळे.
शाई गोठली तिथं पेन्सिल.
एका पानावर, अकरा डिसेंबर,
रात्री दोनपर्यंत सत्तर, सत्तर, एकोणसत्तर
आणि मग काही नाही.
तीन, चार, पाच, सहा: कोरे चौकोन.
सातला दुसऱ्याच कुणाची सही.

मी पान उलटलं.
तिथं एका स्वयंपाकघरात
एक मुलगी आईच्या पायांवर
दुसरी रजई घालत होती,
आणि पाय काही केल्या गरम होत नव्हते.

मग पहिल्या पानापासून सुरुवात केली.
संपलं तेव्हा साडेचार वाजले होते.
उठून रेडिएटरला हात लावला.
गरम होता. कुणीतरी जागं होतं.

शेरा दोन ओळींचा लिहिला:
मजकूर एकाच बाजूला आहे.
दुसऱ्या बाजूला नोकरी आहे.

पहिलं बक्षीस एका दंतवैद्याला गेलं,
आठशे पानं, तीन युद्धं.
गरम पाणी तिसरं.
पण तिसऱ्यालाही छपाई होती, सहाशे प्रती.
लिफाफा मी फोडला: एर्ना पिह्लाक,
फोन बॉयलरघरातलाच.
पलीकडे घरघर. थांबा, म्हणाली, आकडा लिहून येते.
चार मिनिटं थांबले.
मग सांगितलं. ती म्हणाली, बरं.
जरा वेळानं: ती पानं परत मिळतील ना?
तपासणी आहे, मागच्या हिवाळ्यांचा हिशेब लागेल.
म्हणजे ते आकडे... मी म्हटलं.
ती हसली, हसताहसता खोकली.
कोरा कागद केवढ्याला पडतो, ठाऊक आहे का बाई?

लेप्पिकना मी हे अजून सांगितलेलं नाही.
प्रस्तावनेत तापमानावर त्यांची चार पानं आहेत,
आणि खरं सांगायचं तर चांगली आहेत.

पुस्तक सप्टेंबरात आलं. पांढरंशुभ्र, बोटाला काही लागत नाही.
छापताना पानाच्या पाठीला पान येतं,
त्यामुळे आईच्या त्या पायांमागे आता
चुलतभावाच्या लग्नाची मेजवानी आहे,
लोक बटाटे वाढताहेत, कुणीतरी अकॉर्डियन शोधतंय.
माझ्या प्रतीत तिथल्या समासात
मी पेन्सिलीनं
चार कोरे चौकोन काढून ठेवलेत.