पंचायतीची दक्षिण भिंत

सांवेरच्या पुढे, खजूरखेडीत,
वरून आदेश आला म्हणून मला बोलावलं:
सोयाबीनचं अनुदान कुणाला किती मिळालं
ते भिंतीवर लिहा,
उभ्याउभ्या वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

मी घोलप पेंटर, मल्हारगंज, इंदूर.
आजवर शेवेची दुकानं लिहिली, दातांचे दवाखाने,
'यहाँ थूकना मना है' याची तर मोजदाद नाही.
कुणाच्या खात्यात काय पडलं
हे लिहायची पहिलीच खेप.

चुन्याचे दोन हात दिले.
गेरूत बुडवलेली सुतळी ताणून रेघा झटकल्या.
नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, खसरा, रक्कम.
दोनशे सोळा माणसं.
ब्रश टेकवल्यावर कळलं,
सारखे रकाने आखून भागत नाही.
इथे लांब नावांच्या रकमा आखूड:
भेरूलाल पिता किशनलाल कलोता, तीन हजार शंभर.
आणि एक नाव अडीच अक्षरांचं,
त्याची रक्कम रेघ ओलांडून
खिडकीच्या चौकटीवर चढली.

पोरं मागे उभी राहून हसत होती:
पेंटरसाहब, आपका ल उल्टा है.
उलटा नाही रे, मराठी वळणाचा आहे.
हात शिकला तो माझ्या बापाकडे.

अडीच अक्षरी माणूस गावात कुणी पाहिलेला नाही.
पलासियाला असतो म्हणे, एसी विकतो.
शाळेचा शिपाई खसरा नंबर वाचून म्हणाला,
अरे, हे तर तळं आहे.
यात शिंगाडे होतात, तेही पाऊस बरा झाला तर.

संध्याकाळी सचिव स्वतः चहा घेऊन आला, कपबशीतून.
भिया, एकशे बेचाळीसवी ओळ
दाराच्या मागे घ्या ना.
दार दिवसभर भिंतीला टेकलेलं असतं,
कोण बघतंय.

हे मात्र मानलं त्याला.
कार्यालय उघडं, म्हणून ओळ झाकलेली.
कुलूप लागलं की वाचायची सोय.

मी चहा प्यालो. खोटं कशाला सांगू,
शिडीही सरकवली दाराकडे.
माझं बिल त्याच्याच सहीने निघणार होतं.

तेवढ्यात गेंदाबाई आली, कमरेला विळा खोचलेला.
भाया, म्हारो नाम कां हे?
मी दाखवलं.
तिला वाचता येत नव्हतं, तिने अंगठा टेकवला,
दोन हजार चारशेच्या शेवटच्या शून्यावर,
आणि ओलं शून्य अंगठ्यावर निघून आलं.

म्हटलं, बाई, दोनशे चाळीस केलेत तुम्ही.
आणि पहिले कितरा था?
चोवीसशे.
ती अंगठ्याकडे बघत राहिली.
काळा, गोल, वास येणारा.
म्हके तो आठसो दिया था, ती म्हणाली,
मशीनपर योज अंगूठो लगवायो थो.

ओरडली नाही. विळा काढला, परत खोचला.
मग पदराने अंगठा पुसायला गेली
आणि पुसता पुसता थांबली.

मी शून्य परत भरलं.
शिडी उचलून होती तिथे आणली.
एकशे बेचाळीस, एकशे एकेचाळीसच्या खालीच,
डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीच्या चौकटीसकट.
कपबशी पायरीवर ठेवून दिली.

सामान आवरताना एका पोराने विचारलं,
और आपको कितना मिला?
विचारणारच. भिंतच तशी झाली होती.
तळाशी दोन बोटं जागा उरली होती, तिथे लिहिलं:
पेंटर घोलप, छह हजार दो सौ. मिले:
पुढे चुना कोरा सोडला.

तीन महिने झाले.
पोरं अधूनमधून फोनवर भिंतीचा फोटो धाडतात.
एका फोटोत दाराला बिजागरीच नाही,
कुणी काढली ते कुणाला माहीत नाही.
कोरं अजून कोरंच आहे.
आणि शाळेत, ती लिहितात, दोघंजण आता
ल माझ्यासारखा काढतात,
मास्तरांचा मार खाऊनसुद्धा.