पाणी कुठलोक

सातवीचं पुस्तक, धडा नववा, शेवटून तिसरा शब्द.
फळ्यावर मी चार इंग्रजी अक्षरं लिहिली
आणि खाली, रीतीप्रमाणं, उच्चार: वेड.
वर्ग असा हसला
की पत्र्यावरची कबुतरं उडाली.
"मॅडम, वेड म्हंजी वेडच की!"

नाही रे. पाण्यातून चालत जाणं.
पोहणं नव्हे, बुडणं तर नव्हेच.
तळाला पाय टेकवत,
पाण्याला मांडीनं ढकलत जाणं.

दुधनेपलीकडून येणारी दैवशाला उभी राहिली.
"पण पाणी कुठलोक?"

शब्दकोशात तेवढंच नव्हतं.
आपल्याकडं घोटाबुड असतं, पोटरीबुड असतं,
गुडघाभर, मांडीभर, कमरेइतकं,
गळ्याशी आलेलं, नाकातोंडात गेलेलं.
पाणी आपण अंगावर मोजतो,
पण त्यातल्या चालण्याला एका शब्दाचं नाव नाही.
दैवशाला अजून उभीच होती.
"मग इंग्रजाला कळतं कसं,
दप्तर पाठीवर ठिवायचं का डोक्यावर?"

गैबीसाबनं टोल दिला. मी सुटले.

फळा पुसताना गैबीसाबच म्हणाला,
"आधी उतार होता, मॅडम."
उतार म्हणजे नदी जिथून माणसाला जाऊ देते ती जागा.
मसणवट्याच्या खालच्या अंगाला होता,
त्याच्या आजाच्या बैलांनाही पाठ.
दोन उन्हाळे रात्री हायवा आले
आणि वाळूबरोबर उतारही भरून घेऊन गेले.
वरून पाणी तसंच दिसतं.
खाली काल गुडघा होता,
आज काय आहे ते पायालाच विचारायचं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले.
चपला हातात, साडी खोचलेली,
पुढं गैबीसाबची काठी, मागं दैवशाला,
बाजूनं एक शेकाट्या आपल्या गुलाबी काड्यांवर.
इंग्रजीत त्या पाखरांच्या अख्ख्या जातीला
याच क्रियापदावरून नाव आहे.
त्याला आपल्या पायांची लांबी माहीत होती.
मला नव्हती.
मधेच ठाव गेला.
एका श्वासापुरती मी कुणाचीच शिक्षिका नव्हते.
दैवशालानं दंड धरला, म्हणाली,
"हितं डावीकून यायचं असतंय."

या शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो मी वर्गात सांगितला नाही.
भांडणात शिरणं.
आपण भांडणात पडतो, नाहीतर उडी घेतो,
चालत कुणी जात नाही.
तहसीलच्या आवारात एकानं चहा पुढं सरकवला.
पांढरे बूट, एकाला वाळू चिकटलेली.
"मॅडम, तुम्ही कशाला पडता यात?"
पडले नव्हते हो.
एकेक पाऊल टेकवत आले होते.
चहा घेतला नाही.
हात थरथरत होते, हे त्याला दिसलं असणार.

तिसरा अर्थ कागदांचा.
अर्ज, पोहोच, स्मरणपत्र, त्याचं स्मरणपत्र,
आणि सत्तावीस पानं उलटल्यावर पंचनामा:
'सदर ठिकाणी खड्डे आढळून आले नाहीत.'
खाली पाच सह्या, एक अंगठा.
अंगठा कुणाचा ते मी ओळखते.
त्याच्या घरासमोरून रोज जाते.

चाचणीत वाक्यात उपयोग करा म्हटलं होतं.
बाकीच्यांनी पुस्तकातला कोळी उचलला.
दैवशालानं लिहिलं, मी शाळेत चालत येते,
आणि 'चालत'च्या जागी ती चार अक्षरं,
त्यांच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं: वेड.
मी पूर्ण गुण दिले. उच्चार खोडला नाही.

आता हजेरीआधी मी तिच्या निळ्या स्कर्टकडं बघते.
ओलीची रेघ सोमवारी गुडघ्याखाली होती.
बुधवारी चार बोटं वर.
आज पट्टा ओला आहे,
सदऱ्याची खालची दोन बटणंही.
दप्तर कोरडं.
"हजर," ती म्हणाली,
आणि जागेवर बसण्याआधी
दाराबाहेर जाऊन स्कर्ट पिळून आली.