हत्तीसोबत जेवण

रविवार कारंजाच्या गल्लीतून
शौनकला वाघ आणला भाड्यानं.
शेपटीला आधीच कुणाचे तरी टाके,
आत डांबरगोळ्यांचा वास, डिपॉझिट तीनशे.
अद्वय परी झाला. हो, परीच.
त्याला पंख हवे होते,
आणि दुकानात पंख फक्त परीला होते.

जुईली म्हणाली, मला नको भाड्याचं काही.
बाबांचा निळा शर्ट, बाह्या चार वेळा दुमडून,
गळ्यात शिट्टी, खांद्यावर नॅपकिन,
हातात पाण्याची बाटली.
"हे काय झालीयेस गं?"
"कळेल."

विल्होळीच्या पुढं, पार्कातल्या हॉलमध्ये
पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलबी,
आणि टेबलाटेबलाशी कान हलवत येणारा हत्ती.
वाघानं हात मिळवला.
परी रडली, पंख खुर्चीत अडकला म्हणून.
सगळे फोटोत बघत असताना
जुईली उठली, हत्तीचा जाड हात धरला
आणि निघाली त्याला घेऊन,
"हळू, इथं पायरी आहे."

मागच्या वर्षी हात धुवायला गेली होती,
तेव्हा म्हणे तिनं पाहिलं,
स्वयंपाकघरामागं एक पोरगा
हत्तीच्या पाठीची चेन उघडून
आतल्या माणसाच्या मानेवर पाणी ओतत होता.
घरी येऊन बोलली नव्हती कुणाशी.

मी मागोमाग गेले, रागवायलाच.
पिंपाशेजारी हत्तीचं डोकं तिच्या मांडीवर,
सोंड जमिनीला टेकलेली,
आणि घामानं निथळणारा एक माणूस
अख्खी बाटली एका दमात पीत होता.

"शिट्टी कशाला?" त्यानं विचारलं.
"पोरं तुमची शेपटी ओढतात ना," ती म्हणाली,
"त्यासाठी."