अठ्ठावन्न

चाळीस वर्षं मी संत्री तोलली
वरूडच्या पॅकिंग शेडमध्ये, नुसत्या हातानं.
काटा नंतर आला.
आला तरी मुकादम आधी मलाच विचारायचा, किती?
मी म्हणायचो दीडशे,
आणि काटा माझ्या मागून दीडशेवर यायचा.

आता या एवढ्याशा यंत्रात
पंचफुलाच्या बोटाचा एक थेंब,
आणि मला अंदाज लागत नाही.
परवा हसत होती, तर तीनशे दहा.
काल गप्प बसली. म्हटलं रुसली असेल.
रुसली नव्हती.

डायलिसिसच्या रात्री मी अर्धाच झोपतो.
अडीच वाजता हाताला तिची पाठ लागली,
पौषाच्या थंडीत घामानं ओली.
"पेट्या भरल्या का जी गाडीत?" मला विचारते.
तिनं आयुष्यात शेडमध्ये पाय ठेवला नव्हता.

यंत्र म्हणालं अठ्ठावन्न.

खाटेखाली टोपली होती, आंबिया बहराची शेवटची.
हात सवयीनं तिकडेच गेला
आणि तसाच मागे आला.
तिच्या रक्तातलं पोटॅशियम आता फक्त मशीन काढतं, तेही एक दिवसाआड;
मधल्या वेळात ग्लासभर रस
काळीज थांबवू शकतो.
गूळ नको. नारळपाणी नको.
भिंतीवर कागद आहे, तागडे सिस्टरच्या अक्षरातला.
(तागडे! म्हटलं, बाई,
तुमच्या आडनावातच काटा आहे,
मला उगाच कशाला तोलायला लावता.)
साखर, तीन चमचे, दोन घोट पाण्यात.
पाणीही मोजूनच.
मग पंधरा मिनिटं थांबायचं
आणि पुन्हा बोट टोचायचं.

शेतातल्या लाइनची रात्रपाळी होती.
कुबड्यांचा मोटरपंप दूर कुठं तरी चालू झाला.
मी तिच्या डाव्या हातावर बोट ठेवलं,
जिथं डॉक्टरनं दोन शिरा जोडल्यात.
तिथं आत सतत काही तरी थरथरतं,
रवंथ करणाऱ्या गाईच्या गळ्यासारखं.
थरथरत होतं.

आधी चोवीस युनिट घ्यायची.
मग अठरा. मग दहा.
गावात बातमी गेली, पंचफुलाची शुगर उतरली.
कुणी म्हणे काढा लागू पडला,
कुणी पेढे मागितले.
मीही दोन दिवस छाती काढून फिरलो.
मग सिस्टरनं खुर्चीवर बसवून सांगितलं,
बाबा, इन्शुलिनचा निचरा किडनीच करायची.
नाली बुजली की
थोडंसं पाणीही वावरात तुंबून राहतं ना,
तसं ते आत राहतं. म्हणून डोस कमी.
बरं वाटणं वेगळं, बाबा.
त्या दिवशी काळीपिवळीत
मी पंचफुलाला काहीच बोललो नाही.
तिनंही विचारलं नाही.
ड्रायव्हरनं बेनोड्याला चहासाठी गाडी थांबवली
तेव्हा माझ्या कपाकडे बघत म्हणाली,
"प्या न. थंडा होते."

एकशे चार.

डोळ्यांत ओळख परत आली.
ओठावरची साखर जिभेनं चाटून पाहिली,
मग माझ्याकडे पाहिलं, मग चमच्याकडे.
"साकर? मले? तुमी देल्ली?"
आणि हसायला लागली, खाट हलेपर्यंत.
वीस वर्षं तो डबा
मी फळीवर, पिंपात, एकदा तर कडब्यात लपवला होता.
"मले सारं मालूम होतं," म्हणाली.
"कडब्यातल्याले मुंग्या लागल्या होत्या."

सकाळी मी अंगणात जाऊन,
भिंतीआड, एक संत्रं सोललं.
आतून आवाज आला, "कसं हाय?"
आंबट, मी म्हटलं.
"खोटं नोका बोलू. वास येऊन रायला."

उद्या पुन्हा सातची गाडी.
सदऱ्याच्या खिशात साखरेच्या पुड्या, चार.
हातावर घेऊन बघतो. सारख्या आहेत.
तरी एक उघडून
पुन्हा बांधतो.